डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत: शिंपल्यांच्या आधारे जलप्रदूषणाची पाहणी (प्रस्तावना)

किनाऱ्यालगतच्या पाण्यातील प्रदूषण मोजण्यासाठी शिंपले, कालवे, शिनाणे आणि समुद्री गोगलगायी यांचा पद्धतशीर उपयोग सुरू होऊन अर्धे शतक उलटले आहे. मृदुकाय प्राण्यांच्या मांसात साठलेल्या धातूंवरून, कीटकनाशकांवरून आणि तेलाच्या अवशेषांवरून पाण्याची स्थिती वाचण्याची ही विद्या आज अमेरिका, फ्रान्स आणि जपान येथे सरकारी निरीक्षणव्यवस्थेचा भाग झालेली आहे. भारतात मात्र ती बहुतांशी संशोधनपत्रिकांच्या पानांत राहिली आहे. प्रस्तुत ग्रंथ या विद्येची ओळख मराठी वाचकाला करून देतो, आणि त्यासाठी तो ज्या भूभागाची निवड करतो ती पहिल्या वाचनात चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही, आणि शिनाणे किंवा कालवे येथे फक्त बाजारात दिसतात. तरीही ठाणे आणि वसईच्या खाड्यांतील शिंपला काय सांगतो हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या दोन तालुक्यांच्या ओढ्यांपासून व्हायला हवी, अशी या ग्रंथाची भूमिका आहे. ती का पटण्याजोगी आहे हे सांगणे हा या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे.

भूगोल थोडक्यात असा. माळशेज घाटाच्या परिसरात उगम पावणारी काळू नदी मुरबाड तालुक्यातून वाहते, तर भातसा नदी शहापूर तालुक्याच्या पूर्वेकडील सह्याद्रीतून उतरते. दोघींचे पाणी कल्याणच्या परिसरात उल्हास नदीला मिळते, आणि उल्हासचे खारे-गोडे पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला जाते व ठाण्यापाशी ठाणे खाडीशीही जोडले जाते. शहापूरच्या उत्तरेकडील तानसा आणि वैतरणा यांचा मार्ग वेगळा असून त्यांचे मुख पालघर जिल्ह्यात आहे. या पाण्याचा मोठा वाटा खाडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवला जातो. १८९२ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यात आलेला तानसा तलाव, १९५७ मध्ये पूर्ण झालेले मोडक सागर आणि मुंबईला सर्वाधिक पाणी देणारे भातसा धरण ही सारी शहापूर परिसरातील आहेत, तर मुरबाडच्या गावांच्या जमिनी घेऊन उभे राहिलेले बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाच्या मालकीचे असून त्याचे पाणी खालच्या पट्ट्यातील कारखान्यांना आणि शहरांना जाते. म्हणजे स्वच्छ पाणी वरून नळाने शहराकडे जाते, शहराचे आणि कारखान्यांचे वापरलेले पाणी खाली खाडीत पडते, आणि पाण्याच्या या दोन अवस्थांमध्ये जे काही मिसळते त्याचा हिशोब खाडीतले प्राणी आपल्या शरीरात ठेवत राहतात. ज्या शहापूरच्या पाण्यावर मुंबई चालते, त्याच शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, ही गोष्ट या विषयाच्या कडेला उभी असली तरी ग्रंथ वाचताना विसरण्याजोगी नाही.

शिंपला हा हिशोब कसा ठेवतो, हे आधी समजून घ्यायला हवे. दोन झडपांचे कवच असलेले, म्हणजे द्विपुट, प्राणी आपले अन्न शोधायला जात नाहीत. ते कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढतात, त्यातील शेवाळकण आणि सेंद्रिय कण गाळून घेतात आणि उरलेले पाणी बाहेर सोडतात. मध्यम आकाराचा शिनाणा तासाला एखादा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी असे गाळतो. या पाण्याबरोबर आलेले पारा, शिसे, कॅडमियम, तांबे आणि जस्त यांचे अंश, तसेच चरबीत विरघळणारी कीटकनाशके, ऊतींमध्ये अडकून राहतात. काही धातूंना शरीरातील मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिने घट्ट धरून ठेवतात, आणि सेंद्रिय विषांचे विघटन करणारी विकरे या प्राण्यांत माशांच्या तुलनेने दुबळी असल्यामुळे ती विषे लवकर नाहीशी होत नाहीत. परिणामी भोवतालच्या पाण्यात जेमतेम मोजता येणारा पदार्थ शिंपल्याच्या मांसात हजारो पटींनी अधिक प्रमाणात सापडतो. यालाच जैवसंचयन म्हणतात. शिंपला एका जागी राहतो, त्यामुळे त्याच्या शरीरात जे सापडते ते त्याच जागेचे असते, आणि तो अनेक महिने किंवा वर्षे जगतो, त्यामुळे ती नोंद एका क्षणाची न राहता दीर्घ काळाची सरासरी ठरते.

याउलट बाटलीत भरून आणलेला पाण्याचा नमुना फक्त त्या घटकेचे सांगतो. भरतीच्या वेळी घेतलेला नमुना आणि ओहोटीच्या वेळी घेतलेला नमुना एकाच खाडीविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात; रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही. जैवनिरीक्षण, म्हणजे सजीवांच्या आधारे परिसराची पाहणी, ही उणीव भरून काढते. मात्र सगळे कवचधारी प्राणी सारखे साक्षीदार नाहीत. कालवे जस्त आणि तांबे प्रचंड प्रमाणात साठवतात, त्यामानाने शिनाणे जस्ताचे प्रमाण बरेचसे आटोक्यात ठेवतात, आणि खेकडे व कोळंबी तर आवश्यक धातूंचे शरीरातील प्रमाण स्वतःच नियंत्रित करतात, त्यामुळे चिंबोरीच्या मांसातील जस्तावरून खाडीतील जस्ताविषयी निष्कर्ष काढणे फसवे ठरते. डेव्हिड फिलिप्स आणि फिलिप रेनबो यांनी १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत केलेल्या कामातून हा भेद स्पष्ट झाला, आणि कोणत्या विषासाठी कोणता प्राणी निवडावा हा या शास्त्रातील पहिला प्रश्न बनला.

या विद्येचे मूळ मात्र रसायनशास्त्रात नसून रोगराईत आहे. गटाराचे पाणी मिसळलेल्या खाडीतील कच्ची कालवे खाऊन विषमज्वर होतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात लक्षात आले होते; अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन येथे अशीच मोठी साथ आली, आणि तिच्या परिणामी १९२५ मध्ये तेथे शिंपल्यांच्या आरोग्यनियंत्रणाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. दुसरा धक्का जपानमधून आला. मिनामाता उपसागराकाठच्या मच्छीमार कुटुंबांत १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदवला गेलेला मज्जासंस्थेचा विकार कारखान्यातून सोडलेल्या मिथाइल पाऱ्यामुळे होत होता, हे त्याच उपसागरातील शिंपल्यांच्या मांसातून कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळ्या काढलेल्या संयुगामुळे सिद्ध व्हायला मदत झाली. सरकारने ते मान्य करायला मात्र १९६८ साल उजाडले. पुरावा हाती असणे आणि तो मान्य होणे यांतील हे अंतर या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

अमेरिकेत १९६० च्या दशकात फिलिप बटलर यांनी किनाऱ्यावरील शिंपल्यांतून कीटकनाशकांचा माग घेतला होता, परंतु जगभराची एकच पाहणी व्हावी ही कल्पना स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मधील एका छोट्या लेखात मांडली, आणि तिला मसल वॉच हे नाव मिळाले. फ्रान्सने १९७४ मध्येच स्वतःचे निरीक्षणजाळे उभारले होते. अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने १९८६ पासून ही पाहणी नियमित सुरू केली, आणि १९९२ पासून ती गोड्या पाण्याच्या महासरोवरांपर्यंत नेली. शिंपल्यांचे निरीक्षण समुद्रापुरते राहू नये, या प्रस्तुत ग्रंथाच्या आग्रहाला हा महत्त्वाचा आधार आहे. आशिया आणि पॅसिफिक प्रदेशात एहिमे विद्यापीठाचे शिन्सुके तानाबे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात भारतासह अनेक देशांच्या किनाऱ्यांवरील हिरवे शिनाणे तपासले गेले आणि त्यांत बोटींच्या रंगातून येणारी कथिलाची विषारी संयुगेही सापडली. मांसात काय आणि किती साठले आहे एवढ्यावर भर देणारी ही या क्षेत्रातील पहिली आणि सर्वांत मोठी शाखा.

तिच्यावरचा आक्षेप सरळ होता. शिंपल्यात अमुक इतके कॅडमियम आहे हे कळले, पण त्या शिंपल्याला त्याने काय झाले? इंग्लंडमधील प्लिमथ येथील ब्रायन बेन, जॉन विडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाभोवती दुसरी शाखा उभी केली. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेतून श्वसन आणि उत्सर्जन यांचा खर्च वजा जाता वाढीसाठी किती ऊर्जा उरते हे मोजले, की शिंपल्याच्या प्रकृतीचा एक आकडा मिळतो. प्रदूषणाच्या ताणाखाली तो आकडा घटतो आणि कधी ऋणही होतो. रक्तपेशींमधील पाचक पिशव्यांचे आवरण किती काळ रंग धरून ठेवते हे पाहणारी साधी चाचणीही याच परंपरेतील आहे. या शाखेचे सर्वांत गाजलेले उदाहरण बोटींच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात पूर्वी घातल्या जाणाऱ्या ट्रायब्युटाइल टिन या कथिलाच्या संयुगाचे आहे. फ्रान्समधील आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि प्रौढ कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. १९८२ मध्ये तेथे लहान बोटींवर हे संयुग असलेला रंग वापरण्यास बंदी आली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये उगवणे हा त्याहून विलक्षण परिणाम लिटरमागे नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, पातळीवरही दिसतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये हा विकार भारतीय पाण्यात प्रथम नोंदवला, आणि ज्या गोगलगायीत तो आढळला तिच्या शास्त्रीय नावात कोकणच आहे: क्रोनिया कोंकणेन्सिस. या संयुगावरील आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अंमलात आला. एखाद्या रसायनाविरुद्ध जगाने केलेल्या कारवाईचा पाया इतका थेट गोगलगायी आणि कालवांवर रचलेला दुसरा प्रसंग सहसा सापडत नाही.

तिसरी शाखा एका प्राण्याच्या शरीराऐवजी प्राण्यांच्या वस्तीकडे पाहते. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये नदीतील कोणते सजीव किती सेंद्रिय मळ सहन करतात याची मांडणी केली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिला गुणांकनाचे सुटसुटीत रूप मिळाले. त्या पद्धतीत स्वच्छ, प्राणवायूने समृद्ध पाण्यातच जगणाऱ्या कीटककुळांना दहा गुण, तर गटारातही तग धरणाऱ्या गांडूळवर्गीय कृमींना एक गुण मिळतो. गोड्या पाण्यातील मोठ्या शिंपल्यांच्या कुळाला आणि जिवंत पिल्ले देणाऱ्या गोगलगायींच्या कुळाला सहा, तर डबक्यातल्या साध्या गोगलगायींना तीन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी जैविक निकष ठरवताना याच पद्धतीचा आधार घेतला. महागडे उपकरण न वापरता, एक जाळी, एक पांढरे ताट आणि ओळखीचा तक्ता एवढ्या साहित्यावर ही पाहणी होऊ शकते, म्हणून ग्रामीण महाविद्यालयांसाठी तिचे मोल मोठे आहे. चौथ्या शाखेला उपकरणे लागतात. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागून ऱ्हाइन नदीत विषारी पाणी वाहिले, त्यानंतर युरोपात जैविक पूर्वसूचना यंत्रणांना वेग आला. शिंपल्याच्या दोन झडपांवर हलके संवेदक बसवले, की विषारी पाणी येताच झडपा मिटल्याची सूचना तत्काळ मिळते. पोलंडमधील पॉझ्नान आणि वॉर्सा येथे शहरांच्या पिण्याच्या पाण्यावर असे शिंपले पहारा देतात. मुंबईचे पाणी जेथून निघते त्या तलावांच्या तालुक्यात या शाखेचा विचार अद्याप गंभीरपणे झालेला नाही, हे ग्रंथ नोंदवतो आणि ती नोंद रास्त आहे.

महाराष्ट्रातील काम या चारही शाखांत विखुरलेले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मुंबई बंदराच्या चिखलात राहणाऱ्या, तांबड्या रक्ताच्या अनाडारा ग्रॅनोसा या शिंपल्यावर किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आणि धातूंच्या संचयनाचा अभ्यास केला. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील ‘तिसऱ्या’ या शिंपल्यांची वाढ आणि प्रजनन यांवर त्याच दशकात मूलभूत काम झाले, ज्याशिवाय त्या जातीचा निरीक्षणासाठी उपयोग करणे शक्यच नव्हते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ठाणे खाडीतील पाऱ्यावर १९८१ मध्ये आणि उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावर २००३ मध्ये लिहिलेले निबंध आजही या प्रदेशाच्या अभ्यासाचा पाया आहेत. उल्हास खाडीत पारा आला तो मिठाच्या द्रावणातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या, पाऱ्याचा विद्युतअग्र वापरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांमुळे. ती पद्धत हळूहळू बंद झाली, पण खाडीच्या वरच्या टोकाच्या गाळात गाडलेला पारा रेतीउपशाने ढवळला जाण्याची शक्यता उरतेच. ठाण्यातील बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाने ठाणे खाडीच्या जीवसृष्टीचा दीर्घकाळ केलेला अभ्यास हे एका महाविद्यालयाने आपल्या दारातल्या पाण्याची जबाबदारी घेतल्याचे उदाहरण आहे. गोड्या पाण्याच्या बाजूला मराठवाड्यातील विद्यापीठात लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या नदीतील शिंपल्यावर अनेक प्रबंध लिहिले गेले, आणि एन. व्ही. सुब्बा राव यांनी १९८९ मध्ये प्राणिसर्वेक्षण संस्थेसाठी लिहिलेली भारतातील गोड्या पाण्याच्या मृदुकायांची मार्गदर्शिका आजही जाती ओळखण्यासाठी उघडली जाते.

या कामाविषयी आदर राखूनही एक स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक आहे. भारतीय विद्यापीठांत शिंपल्यांवर झालेल्या संशोधनाचा मोठा भाग काचेच्या टाकीत पार पडला आहे. चार दिवसांत निम्मे शिंपले मरतील अशी विषाची मात्रा शोधायची, मग त्याखालच्या मात्रेत ऊतींतील प्रथिने आणि ग्लायकोजन किती घटले ते मोजायचे, असा त्याचा साचा ठरून गेला आहे. त्यातून प्रबंध होतात, पण नदीविषयी फारसे काही कळत नाही, कारण कोणत्याही ओढ्यात विष त्या मात्रेत आणि एकट्याने येत नाही. दुसरीकडे क्षेत्रपाहणी होते ती बहुधा एकदाच. एका वर्षी, दोन-तीन ठिकाणी घेतलेले नमुने पुढच्या दहा वर्षांत त्याच ठिकाणी पुन्हा घेतले गेले नाहीत, तर त्यांवरून सुधारणा झाली की बिघाड हे ठरवता येत नाही. गोल्डबर्ग यांच्या कल्पनेतील खरी ताकद रसायनशास्त्राच्या बारकाव्यांत नव्हती. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजत राहण्याच्या चिकाटीत होती.

आता शहापूर आणि मुरबाडकडे वळता येईल. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे, आणि या खडकात तांबे, निकेल, क्रोमियम व लोह मुळातच भरपूर असते. पावसाळ्यात डोंगरउतारावरून वाहून येणारी माती हे धातू आपल्याबरोबर खाडीत नेते. त्यामुळे ठाणे किंवा वसईच्या खाडीतील शिंपल्यात तांबे सापडले, तर त्यातले किती कारखान्याचे, किती बोटींच्या रंगाचे आणि किती मुळात डोंगराचे, हे खाडीतच उभे राहून सांगता येत नाही. गाळाच्या अभ्यासात अ‍ॅल्युमिनियमशी तुलना करून ही नैसर्गिक पातळी वजा करण्याची रीत आहे. शिंपल्यांसाठी मात्र कारखान्यांच्या वरच्या बाजूच्या, त्याच खडकावरून वाहणाऱ्या पाण्यातील शिंपलेच हवेत. काळूच्या आणि भातसाच्या वरच्या प्रवाहांतील लॅमेलिडेन्स आणि पॅरेशिया वंशांचे शिंपले, तसेच तळ्याकाठच्या बेलामिया गोगलगायी, ही ती आधारपातळी पुरवू शकतात. गोड्या पाण्याची जात आणि खाऱ्या पाण्याची जात यांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे वरच्या ओढ्यापासून कल्याणच्या अलीकडे, जेथे पाणी गोडे असते तेथपर्यंत, एकाच जातीची साखळी तपासत जाणे, आणि खारट पाणी सुरू होते तेथे गाळाचा दुवा जोडून खाडीतील जातीकडे वळणे. अशी सलग साखळी कल्पून तिच्यावर पुस्तक रचणे हे प्रस्तुत ग्रंथाचे वेगळेपण आहे.

या साखळीची सर्वांत नाजूक कडी शिंपल्याच्या जन्मातच आहे. नदीतील शिंपल्याची मादी जी पिल्ले सोडते ती ग्लोकिडियम नावाची, दोन इवल्या झडपांची असून ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना काही काळ चिकटून राहिल्याशिवाय प्रौढ शिंपला बनू शकत नाहीत. मासा वर चढला तर शिंपला वर पोहोचतो, बंधाऱ्याने मासा अडवला तर शिंपलाही अडतो. त्यामुळे एखाद्या ओढ्यात शिंपले नाहीत म्हणून तेथील पाणी विषारी आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ते नसण्याचे कारण विषाऐवजी बंधारा हे असू शकते. मुरबाड तालुक्यातील प्रस्तावित काळू धरणाचे काम वनपरवानगीच्या प्रश्नावरून २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवले होते. अशा प्रकल्पांविषयीच्या वादांत वनजमीन आणि विस्थापन यांची चर्चा योग्यच होते, पण माशांच्या अंगावर बसून प्रवास करणाऱ्या या प्राण्यांचा उल्लेखही निघत नाही.

पद्धतीविषयी नवख्या अभ्यासकाने काही गोष्टी आरंभीच मनात पक्क्या कराव्यात. मोठ्या आणि लहान शिंपल्यांत धातूंचे प्रमाण वेगळे असते, म्हणून एकाच लांबीचे नमुने निवडावे लागतात. अंडी धरण्याच्या काळात मांसाचे वजन वाढते आणि धातूचे प्रमाण कमी भासते, म्हणून ऋतू ठरवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात खाडीचे खारेपण उतरले की शिनाणे दिवसेंदिवस झडपा मिटून बसतात आणि त्या काळातल्या पाण्याची नोंद त्यांच्यात उतरतच नाही. आतड्यातील चिखल मांसाबरोबर तपासला गेला, तर तो चिखलाचा आकडा ठरतो, शिंपल्याचा नव्हे. म्हणून नमुने स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवून आतडे रिकामे होऊ द्यावे लागते. जेथे स्थानिक शिंपले उरलेलेच नाहीत तेथे स्वच्छ ठिकाणचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून काही आठवड्यांनी तपासण्याची पद्धत आहे, आणि उल्हासच्या मधल्या, जलपर्णीने झाकलेल्या पट्ट्यासाठी तीच उपयोगी पडेल. ग्रंथात या साऱ्याचे तपशील आहेत, येथे त्यांची केवळ जाणीव करून दिली आहे.

हा विषय आज अधिक निकडीचा का झाला याची कारणे नकाशावरच दिसतात. शहापूर आणि मुरबाड आता निव्वळ भातशेतीचे तालुके राहिलेले नाहीत. मुरबाडची औद्योगिक वसाहत, कुक्कुटपालन, वीटभट्ट्या, शहरवासीयांची शेतघरे, आसनगाव-वासिंदच्या रेल्वेपट्ट्यातील नव्या इमारती आणि शहापुरातून गेलेला समृद्धी महामार्ग यांनी वरच्या प्रवाहांच्या काठांचे रूप पालटले आहे. खालच्या बाजूला ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ झाली, आणि उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविषयी ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दंडाचा आदेश दिला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा मासे खावेत की नाही याविषयी शहरभर गोंधळ माजला. अपघातापूर्वीच्या शिंपल्यांचे नियमित आकडे हाती असते, तर त्या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडावे लागले नसते. न्यायालयापुढे किंवा जनतेपुढे पुरावा ठेवायचा, तर बिघाडाआधीची स्थिती नोंदलेली असावी लागते. शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांची ती स्थिती नोंदवण्याची वेळ आता आहे, दहा वर्षांनी ती असेलच असे नाही.

आणि हे केवळ पर्यावरणशास्त्राचे काम नाही. ओढ्यातील खेकडे, मासे आणि शिंपल्या हे कातकरी आणि ठाकर कुटुंबांच्या आहाराचा भाग आहेत. खालच्या बाजूला खाडीकाठच्या कोळी स्त्रिया कालवे फोडून आणि तिसऱ्या वेचून बाजारात आणतात. युरोपीय संघात शिंपल्यांच्या किलोमागे कॅडमियमची मर्यादा १ मिलिग्रॅम आणि शिशाची दीड मिलिग्रॅम आहे, आणि जिवंत शिंपल्यांच्या पाण्याचे वर्गीकरण विष्ठाजन्य जिवाणूंच्या संख्येवरून होते. येथे निर्यातीचा माल तपासला जातो, पाटीतला माल तपासला जात नाही. प्रदूषणाच्या निरीक्षणाचे निष्कर्ष ज्यांच्या जेवणाला लागू होतात त्यांच्यापर्यंत ते आधी पोहोचावेत, आणि नमुने कोठे मिळतील, कोणत्या डोहात पूर्वी शिंपले होते आणि आता नाहीत, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना पाहणीत बरोबरीचे स्थान असावे, हा ग्रंथाचा आग्रह भाबडेपणाचा नाही. संशोधकाच्या वहीत नसलेली जुनी माहिती त्यांच्याकडेच आहे.

प्रस्तुत ग्रंथ कशाचा दावा करत नाही हेही सांगणे योग्य ठरेल. तो उल्हास खोऱ्याच्या प्रदूषणाचा निकालपत्रवजा अहवाल नाही, आणि कोणत्या कारखान्याने काय सोडले याचा जाब मागण्यासाठी लिहिलेला नाही. शिंपल्यांकडे पाहायला शिकवणे, चारही शाखांतून या खोऱ्याला काय घेता येईल हे ठरवणे, आणि मर्यादित साधनांच्या महाविद्यालयाला पेलेल अशी निरीक्षणाची रीत मांडणे, एवढेच त्याने अंगावर घेतले आहे. मायक्रोप्लास्टिकचा विषय ग्रंथात तुलनेने थोडक्यात येतो. मोजण्याच्या पद्धती अजून स्थिर झालेल्या नसल्यामुळे हा संयम समजण्यासारखा आहे. प्राणवायूची जैविक मागणी आणि जिवाणूंची संख्या मोजणाऱ्या प्रचलित सरकारी चाचण्यांना ग्रंथ निरुपयोगी ठरवत नाही, त्यांच्या शेजारी शिंपल्यांची नोंद ठेवावी असे सुचवतो. याबाबत मात्र त्याने अधिक ठामपणे लिहायला हवे होते. जैविक नोंद ही पुरवणी म्हणून मागितली, तर ती पुरवणीच राहते.

जर्मनीत १९८५ पासून शिंपल्यांसह अनेक सजीवांचे नमुने अतिशीत तापमानात जपून ठेवले जातात, म्हणजे आज ठाऊक नसलेले विष उद्या शोधायचे झाले तर जुना नमुना हाताशी असतो. एवढी व्यवस्था येथे लगेच होणार नाही, पण सुरुवातीला ती लागतही नाही. शहापूर आणि मुरबाड परिसरातील प्राणिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांना या ग्रंथाच्या निमित्ताने एवढीच विनंती करावीशी वाटते: आपल्या जवळचा एक ओढा निवडावा, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच डोहातून, त्याच लांबीच्या शिंपल्यांची गणना करावी, मेलेल्यांची कवचे ठिकाण आणि तारीख लिहून महाविद्यालयाच्या कपाटात ठेवावीत, आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.